महानंदाच्या हाताचं माप

महानंदाचा हात माझ्या गुडघ्यावर होता आणि दोन-सहा मापाची हिरवी बांगडी तिच्या अंगठ्याच्या बुडाशी येऊन अडली होती. नागपंचमीचा आदला दिवस, दुकानात बायकांची ही झुंबड, आणि मी त्या एका हाताशी झटत बसले होते. साबण लावला, खोबरेल लावलं, हात दाबून दाबून चिंचोळा केला, तरी बांगडी पुढं सरकेना. शेवटी टिचली, आणि तिच्या अंगठ्याशी रक्ताचा ठिपका आला.

माझ्या हातून बांगडी टिचत नाही. बढाई मारत नाही, बार्शीत कुणालाही विचारा. भगवंताच्या देवळामागच्या गल्लीत आमचं कासाराचं दुकान माझ्या आजेसासऱ्यांपासूनचं. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला सहा महिने बांगडीला हात लावू दिला नव्हता, नुसते बायकांचे हात चेपायला बसवलं होतं. पुढं पुढं तर कुणाचाही हात हातात घेतला की मला माप विचारावंच लागत नसे. तोंडं विसरेन एक वेळ, हात विसरायची नाही.

आणि महानंदाचा हात तर मी तिच्या लग्नात भरलेला. अक्कलकोटकडची पोर, अठराची, सव्वादोनचा चुडा आणि तोही मनगटावर खुळखुळ वाजायचा. मी तेव्हा भर मांडवात म्हटलं होतं, "गौराक्का, सून आणलीय का बाहुली?" गौराक्का म्हणजे तिची सासू. डाळीच्या आडतीचं मोठं घर, मुलगा मल्लिनाथ गरीब गाय, आणि सगळा कारभार या बाईच्या तोंडावर चालायचा. गौराक्का गल्लीतून निघाली की बायका पदर सारखा करायच्या.

त्या गोष्टीला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. मधे गिरिजा झाली, महानंदा जरा भरली, ते सगळ्यांचंच होतं. सव्वादोनचं दोन-सहा झालं तेव्हा मी काही मनावर घेतलं नाही. बाळंतपणानंतर बाईचा हात एक माप चढतोच. पण त्या दिवशी टिचलेली बांगडी बाजूला टाकून मी तिचा पंजा नीट उघडून पाहिला आणि चरकले. अंगावर मांस चढलं की हात मऊ होतो, दाबला की दबतो. हा दबत नव्हता. बोटं मुळापासून जाड झालेली, तळवा रुंद, कातडी राठ आणि घामट. हाडच वाढलं होतं. तीस वर्षांच्या आत-बाहेरच्या बाईचं हाड वाढतं, हे मी कधी पाहिलं नव्हतं.

मी अडीचची बांगडी काढली. तिनं माझ्या कानाशी तोंड आणून सांगितलं की माप कुणाला सांगू नका. आवाजही घोगरा झाला होता. मी म्हटलं, आमच्यात माप सांगायची रीतच नाही बाई. खरंच नाही. सासूबाईंची शिकवण होती, बाईचं माप म्हणजे तिचं गुपित. नवऱ्यानं विचारलं तरी बोलायचं नाही, तिला घेऊन या म्हणायचं.

उठताना तिचा पाय शेजारी ठेवलेल्या बांगड्यांच्या पाटीवर पडला. पाटी काही लपलेली नव्हती, तिच्या उजव्या हाताला ढळढळीत होती. चार डझनांचा चुरा झाला. माझं तोंड फटकळ, मी म्हणाले, "डोळे आहेत का बटणं लावलीयत?" बायका हसल्या. तीही हसली. मग दाराच्या चौकटीवर खांदा आपटून घेत बाहेर गेली.

आठवड्याभरानं ती दुपारची परत आली, गिरिजाला घेऊन. दुकानात कुणी नव्हतं. मला वाटलं बांगडी काढायला आली असेल, पण ती खाली बसली आणि रडायलाच लागली. मग एकेक सांगत गेली. लग्नातली अंगठी सोनाराकडून कापून काढावी लागली होती. चपला आता नवऱ्याच्या मापाच्या लागत होत्या. दोन वर्षं पाळी नव्हती. कपाळ असं ठणकायचं की भिंतीला डोकं लावून उभी राहायची. आणि शेवटी, पोरगी ऐकत नाही ना हे बघून, तिनं सांगितलं की अंगावर दूध येतं. गिरिजा सहा वर्षांची होती. पाजायला घरात कुणी नव्हतं आणि हिची चोळी ओली होत होती.

माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. आमच्या वेळी असल्या गोष्टींचा एकच अर्थ निघायचा, बाहेरची बाधा.

मी विचारलं, घरी माहीत आहे का? तर म्हणाली, दुधाचं नाही, पण बाकीचं दिसतंच आहे की सगळ्यांना. नाक रुंदावलंय, जबडा पुढं आलाय, दातांत फटी पडल्यात. गल्लीत कुणीतरी म्हणालं होतं की मल्लिनाथची बायको हळूहळू बाप्या व्हायला लागलीय. आणि सासू उठता-बसता म्हणते, या बाईचं काहीतरी केलं पाहिजे.

"काहीतरी म्हणजे काय ते मला कळतंय, मावशी," ती म्हणाली. "परवा आत्याबाईंनी मुंबईला त्यांच्या भावाला पत्र लिहून घेतलं. मला खोलीबाहेर घालवून. अक्कलकोटला माझी चुलतबहीण आहे लग्नाची. तिच्याबद्दल विचारत होत्या मागं."

मी तिची समजूत काढली. म्हटलं, असं कुणी उठून बायको टाकत नाही. पण मला आतून पटलं होतं. गौराक्काला मी पुरती ओळखून होते, असं मला वाटायचं. नातू नाही, सून अशी विचित्र दिसायला लागलेली, आणि घरात पैसा. गाव काय म्हणेल याची तिला चाड कधी होती?

"त्या तुम्हाला विचारतील," महानंदा म्हणाली. "घरात मी सगळ्यांना सांगते, माझे हात पहिल्यापासून असेच आहेत, आमच्या माहेरी सगळ्यांचेच थोराड. आत्याबाईंना ते पटत नाही. त्या म्हणतात, इंदू कासारणीला माहीत असेल. मावशी, हात वाढलाय असं तुम्ही म्हणालात तर माझं संपलं."

आणि तिनं गिरिजाला पुढं ओढून माझा हात तिच्या डोक्यावर ठेवला. पोरीच्या केसांना तेल लावलेलं होतं. मी शपथ घेतली.

दिवाळी होऊन गेली. कार्तिकात दुकान मोकळं असतं, मी लाखेच्या बांगड्या लावत बसले होते. बघते तर पायऱ्या चढून तिघी आल्या. पुढं गौराक्का, मागं महानंदा खाली मान घालून, आणि तिसऱ्या त्या नव्या डॉक्टरीणबाई. घारपुरेबाई. पुण्याकडून येऊन गावात दवाखाना टाकून त्यांना वर्षही झालं नव्हतं. चष्मा, सुती साडी, वयानं महानंदाएवढ्याच.

मी पाट दिला, पाणी दिलं. गौराक्का बसली नाही. म्हणाली, "इंदे, ही बाई काय विचारते त्याचं खरं उत्तर दे. आमच्या घरात दोन मतं झालीत."

मी महानंदाकडे पाहिलं. तिचे ओठ पांढरे पडले होते.

घारपुरेबाईंनी फिरवून-फिरवून विचारलं नाही. महानंदाचा हात उचलून माझ्यापुढं धरला आणि म्हणाल्या, "लग्नात यांच्या हाताचं माप काय होतं, आणि आता काय आहे?"

एवढंच. का विचारते हे त्यांनी सांगितलं नाही. पुढं मला कळलं की मुद्दामच सांगितलं नव्हतं, म्हणजे मी त्यांच्या तोंडाकडे बघून उत्तर देऊ नये. पण मला त्यात सापळा दिसला. मला वाटलं, गौराक्कानं पंच आणलाय. शिकलेल्या बाईच्या तोंडून सुनेत खोट निघाली की गावात बोलायला मोकळी.

आता सांगते ते नीट ऐका, कारण यात दुसऱ्या कुणाचा दोष नाही. मी एक क्षणही अडखळले नाही. उलट मला जोर चढला. एवढ्या मोठ्या आडतीच्या घरापुढं आपण एकट्या उभ्या आहोत, एका गरीब पोरीची अब्रू आपल्या जिभेवर आहे, असं काहीबाही मनात आलं. मी तो हात माझ्या हातात घेतला, दाबून पाहिल्यासारखं केलं, आणि म्हणाले, "अडीच. पहिल्यापासून अडीचच. लग्नात मीच चुडा भरला, विसरेन कशी?"

घारपुरेबाईंचा चेहरा गोंधळला. त्यांनी परत विचारलं, नक्की ना? थोडाफार फरक? मी म्हटलं, "बाई, तुम्ही नाडीवर पोट भरता, मी हातावर. तुमची नाडी चुकत असेल, माझा हात चुकत नाही."

गौराक्का माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं तिला राग आलाय. मग तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "झालं तर मग. कासारणीचं माप म्हणजे दगडावरची रेघ. तुमचंच काहीतरी चुकतंय, बाई." तिच्या आवाजात राग नव्हता. कसला भाव होता तो मला तेव्हा ओळखू आला नाही. आता येतो. तिचा जीव भांड्यात पडला होता.

पायऱ्या उतरताना महानंदानं मागं वळून पाहिलं. तेवढं प्रेमानं माझ्याकडे माझ्या लेकरांनीही पाहिलेलं नाही.

त्यानंतर चौदा महिने गेले. ती सणासुदीला यायची, मी तिला कोपऱ्यात बसवून बांगड्या भरायची. अडीचचीही अडायला लागली तेव्हा मी सोलापूरहून पावणेतीनच्या मागवल्या आणि डब्यात खाली ठेवल्या, कुणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून. तिला नवऱ्यानं टाकलं नाही, दुसरी बायको आणली नाही. मी मनात म्हणायची, बघ, तुझ्या एका शब्दानं एक घर वाचलं. चष्मा लागला होता तिला. चष्म्यानंही काही फरक पडत नाही म्हणायची. रस्त्यानं चालताना गिरिजाचा खांदा धरायची.

पौषात एक दिवस ऐकलं की महानंदा चुलीशी बसली होती, दूध ऊतू जाऊन निखाऱ्यावर चर्र वाजलं तरी ही समोर बघतच राहिली. गौराक्का ओरडली तेव्हा म्हणाली, आत्याबाई, दिवा कुणी मालवला? सकाळचे नऊ वाजले होते.

त्याच दिवशी तिला मुंबईला नेली. डोक्याचं मोठं ऑपरेशन झालं. दीड महिन्यानं परत आणली तेव्हा मल्लिनाथनं तिला हाताला धरून टांग्यातून उतरवली, आणि उंबरा कुठं आहे ते गिरिजानं सांगितलं.

मी भेटायला जायच्या आधी घारपुरेबाई दुकानात आल्या. एकट्याच. त्यांना बांगड्या नको होत्या. त्या पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "इंदूबाई, आता तरी खरं सांगा. लग्नात माप काय होतं?"

मी म्हणाले, सव्वादोन.

त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे सांगत बसल्या, मी शाळेतली पोर असल्यासारखं. मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळामागं, हरभऱ्याएवढी एक ग्रंथी असते, पिट्यूटरी म्हणतात तिला. दिसायला एवढीशी, पण साऱ्या शरीराला हुकूम सोडते. पोरानं किती वाढायचं, बाईला पाळी कधी यायची, दूध कधी उतरायचं आणि कधी आटायचं, सगळं तिच्या रसांवर. महानंदाच्या त्या ग्रंथीवर गाठ झाली होती. वाढीचा हुकूम सुटत होता तो थांबतच नव्हता. मोठ्या माणसाची उंची वाढू शकत नाही, मग हात वाढतात, पाय, जबडा, नाक, जीभ. आणि गाठ वर सरकली की डोळ्यांच्या नसांवर बसते. आधी दोन्ही बाजूंचं दिसेनासं होतं. समोरचं दिसतं, म्हणून माणसाला कळत नाही.

मला ती पाटी आठवली. उजव्या हाताची.

"मला संशय होता," त्या म्हणाल्या. "पण मी असा एकही रोगी आधी पाहिला नव्हता, फक्त पुस्तकात वाचलं होतं. लग्नाचा एकच फोटो, त्यातही डोक्यावरून पदर. मल्लिनाथ म्हणत होते, रोज बघतो, मला काही फरक वाटत नाही. त्या स्वतः म्हणत होत्या, हात असेच होते. एक गौराक्का तेवढ्या म्हणायच्या की सून बदललीय. त्याच म्हणाल्या, इंदूला विचारू, तिच्या हाताला खोटं बोलता येत नाही. मुंबईला भावाकडे उतरायची सोयसुद्धा त्यांनी आधीच पत्रानं करून ठेवली होती. तुम्ही खरं माप सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशीची गाडी होती."

ते पत्र. मुंबईच्या भावाला लिहिलेलं. मी भिंतीला टेकून बसले. विचारलं, तेव्हा नेली असती तर?

त्या म्हणाल्या की गाठ तेव्हा लहान असणार, डोळे बहुतेक वाचले असते. माझीही चूक आहे, म्हणाल्या, मी माझ्या संशयाला धरून राहायला हवं होतं, कासारणीच्या शब्दावर डॉक्टरनं सोडून द्यायचं नसतं. त्या भल्या बाई, अर्धं ओझं आपण होऊन उचलत होत्या. पण ते ओझं असं वाटून घेता येत नाही. मी तेव्हाही त्यांना तसं म्हणाले.

मग त्या खरं ज्या कामाला आल्या होत्या ते बोलल्या. गौराक्कानं निरोप दिला होता. महानंदाला सांगितलंय की डोळे जायचेच होते, कधीही मुंबईला नेलं असतं तरी गेलेच असते. इंदूला म्हणावं, तूही तसंच म्हण. त्या पोरीला वाटतं की साऱ्या गावात एकच माणूस तिच्या बाजूनं उभं राहिलं. डोळे गेले ते गेले, तेवढं माणूस तरी तिला राहू दे.

गौराक्का त्यानंतर माझ्या दुकानाची पायरी कधी चढली नाही. रस्त्यात समोर आली की नजर दुसरीकडे. पण सुनेला भरवायची ती, वेणी घालायची ती. ऑपरेशननंतर त्या ग्रंथीचं काम गोळ्यांनी भागवावं लागत होतं. रोज सकाळी, एक दिवसही चुकवून चालत नाही असं मुंबईच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. गौराक्का पहाटे उठून आधी त्या गोळ्या काढायची आणि मग देवाचा दिवा लावायची. तेरा वर्षं, मरेपर्यंत.

मी महानंदाला भेटायला गेले ते सगळं सांगायचंच ठरवून गेले होते. निरोप बिरोप काही ऐकायचा नाही, पाय धरायचे, हे वाटेत घोकत होते. ती पलंगावर बसली होती. माझी चाहूल लागताच हात पुढं केला. मी तो धरला. तिनं दुसऱ्या हातानं माझी बोटं चाचपली आणि म्हणाली, "मावशी ना? हात ओळखला मी." मग हसली. "आता दिसत नाही ना, तर सगळ्यांची तोंडं पुसट व्हायला लागलीत. गिरिजाचंसुद्धा. तुमचं मात्र लख्ख आहे. त्या दिवशी दुकानात माझ्यासाठी खोटं बोललात ना, तेव्हाचं."

तिथं बोलायचं होतं मला. जीभ उचलली होती. पण नाही बोलले. गौराक्काचा निरोप होता म्हणून नाही बोलले असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. मला ते ऐकायला गोड लागलं. त्या घटकेला, सगळं कळल्यानंतरही, ते मला गोड लागलं. याची लाज मला त्या खोट्यापेक्षा जास्त वाटते.

गिरिजाच्या लग्नाचं सांगते आणि थांबते. गौराक्का आदल्याच वर्षी गेली होती. महानंदानं चुडा भरायला मलाच बोलावलं, दुसरी कासारीण चालणार नाही म्हणाली. मांडवात बायकांचा गराडा. मी गिरिजाचा हात हातात घेतला, तर महानंदा चाचपडत पुढं आली आणि लेकीला म्हणाली, "आधी मावशींच्या पाया पड. मला या घरातून घालवायला सगळे टपले होते, तुझी आजीसुद्धा. एकटी ही बाई माझ्यासाठी उभी राहिली."

पोरीनं खाली वाकून माझ्या पायांवर डोकं ठेवलं. उठली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आजीनं तिला अंगाखांद्यावर वाढवलं होतं, ती आजीवर जीव टाकायची. आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात तिनं मला विचारलं, "मावशी, आजी खरंच आईला घालवणार होती?"

मी महानंदाकडे पाहिलं. ती तोंड आमच्याकडे करून हसत उभी होती.

"हो," मी म्हणाले, आणि तिचा हात पुढं ओढून घेतला.